पाठीमागच्या ब्लॉकचा पंप

चेन्नईतल्या आमच्या अंबत्तूरच्या घरी संध्याकाळची कॉफी एका गाऱ्हाण्याबरोबर प्यायली जायची. माझा नवरा पुण्याचा, संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ तमिळ, औषधांच्या व्यापारातले, आणि आमच्या असोसिएशनचे सेक्रेटरी. एकाला सांबारात गोड चालत नाही, दुसऱ्याला आमटीत गूळ नसला तर जेवण जात नाही. पण गाऱ्हाणं दोघांचं सारखं. आम्ही कमावतो, दिल्ली उचलून नेते आणि वरच्या राज्यांना वाटून टाकते. सेक्रेटरी तामिळनाडूच्या वतीने बोलायचे, नवरा महाराष्ट्राच्या वतीने. इथून किती जातं आणि परत किती येतं, या एका विषयावर दोघांची अशी काही गट्टी जमली होती की इतर विषयांची त्यांना गरजच पडली नाही.

त्यांचं म्हणणं सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. वाटणीची सूत्रं कोण ठरवतं, कशी ठरवतं, यावर भांडायला जागा आहे, आणि भांडावंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची ती त्यांच्या सुराने. वरची माणसं म्हणजे आयतोबा, पोरं काढतात आणि आपल्या जिवावर जेवतात, असा तो सूर. तो सूर मला ओळखीचा होता, कारण मी घेणाऱ्यांच्या बाजूला वाढले आहे.

मी परभणी जिल्ह्यातली. आमच्याकडे 'अनुशेष' हा शब्द पोरांना बाराखडीबरोबरच कळतो. रस्ते, दवाखाने, कालवे, जे जे इतरांना मिळालं आणि मराठवाड्याला मिळायचं राहिलं, त्याचा तो सरकारी शब्द. लग्न होऊन पुण्याला गेले तर पहिल्याच पंगतीत सासरच्या एका वडीलधाऱ्यांनी माझ्या पानात तिसऱ्यांदा श्रीखंड वाढायला सांगितलं आणि म्हणाले, वाढा हिला, अनुशेष भरून काढायचाय. सगळे खो खो हसले. मीही हसले. नवरा तर पुढे कित्येक वर्षं कुठेही दुसऱ्यांदा वाढताना तोच विनोद करायचा.

एकदा कॉफीचे पेले ठेवता ठेवता मी बोलून गेले. म्हटलं, इथल्या गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांत लोखंड उचलणारी जी बिहारची, ओडिशाची पोरं आहेत, त्यांना लहानाचं मोठं कोणी केलं? त्यांचं दूध, त्यांच्या लसी, त्यांची शाळा, सगळा खर्च त्या गरीब राज्यांनी केला. पोरगा कामाला आला की तो गाडीत बसून इकडे येतो. त्याच्या घामावरचा कर इथे जमा होतो आणि इथला म्हणून मोजला जातो. रुपया सगळ्यांचा एकच आहे. वेगळा देश करतो तसा परभणीला किंवा दरभंग्याला आपला वेगळा स्वस्त रुपया काढून माल खपवता येत नाही. मग तिथून माणसंच निघतात. मीही अशीच निघाले. माझं शिक्षण परभणीने केलं, फी माफ करून केलं, आणि नोकरी मी पुण्यात केली. हे तुम्ही कोणत्या रकान्यात दाखवता?

सेक्रेटरी हसून म्हणाले, मॅडम विरोधी पक्षात गेल्या. नवरा मराठीत मला म्हणाला, तू यात पडू नकोस. ज्या माणसाचा आयुष्यभराचा पगार आणि आत्ताचं पेन्शन दिल्लीच्या तिजोरीतून येतं, तो मला हे सांगत होता. तेही मी बोलून दाखवलं. तो म्हणाला, तो कामाचा मोबदला आहे. सेक्रेटऱ्यांना मी विचारलं, तुम्ही स्वतः रामनाथपुरमकडच्या कोरड्या भागातले, तुमच्या गावाला पाणी कोणाच्या करातून आलं? चेन्नईच्याच ना? ते म्हणाले, ते वेगळं, ते आपलंच राज्य आहे. बरं, म्हटलं, आणि आत गेले.

आता पाठीमागच्या ब्लॉकचं सांगते. आमच्या आवारात दोन इमारती. आमची पुढची, रस्त्यालगत, उंचावर. तळाला दुकानं, गच्चीवर मोबाइलचा टॉवर. दोन्हींचं भाडं असोसिएशनच्या एकाच खात्यात जमा व्हायचं. मागची इमारत जुनी, खोलगट जागी, लहान फ्लॅटांची. तिथे तळमजल्यावर एक बाई राहायच्या, मूळच्या तंजावर मराठी घराण्यातल्या. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. मैलापूरच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं होतं. निवृत्तीचे सगळे पैसे घालून हे दोन खोल्यांचं घर घेतलं, त्यांचा नवरा इथेच वारला, मुलगा कोइम्बतूरला. त्यांचं मराठी ऐकून मला प्रथम हसू यायचं. शब्द पणजीच्या काळातले आणि हेल पक्का तमिळ. मग सवय झाली, आणि पुढे पुढे तर दुपारी ते कानावर पडलं नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

दर पावसाळ्यात, म्हणजे इकडच्या हिशेबाने ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आवारातलं सगळं पाणी मागच्या ब्लॉकच्या दारात जमतं. आमच्या पुढच्या अंगणात आम्ही सिमेंट घातलं, तेव्हापासून जास्तच. ते उपसून बाहेर टाकायला एक डिझेलचा पंप होता, तो म्हातारा झाला होता. आदल्या वर्षी तो ऐन पावसात बंद पडला आणि अक्कांच्या घरात घोटाभर पाणी शिरलं. त्या पाय वर घेऊन खाटेवर बसून राहिल्या. गुडघे कामातून गेलेले, उतरणार कशा? मुलाने निर्वाणीचं सांगितलं की पुन्हा पाणी शिरलं तर मी तुला घेऊन जाणार आणि घर विकणार. अक्कांना जायचं नव्हतं. इथे त्या आपल्या चुलीच्या मालकीण होत्या. सुनेच्या घरी त्या कोपऱ्यातल्या पाहुण्या होणार हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तेव्हा नवा पंप आणि दाराशी उंच बांध, एवढंच त्यांचं मागणं होतं.

सभा भरली ती उन्हाळ्याच्या शेवटी, गच्चीवर. सेक्रेटऱ्यांनी पंपाचा विषय घेतलाच नाही. त्याऐवजी वेगळाच ठराव मांडला. दोन ब्लॉकांची खाती वेगळी करावीत. ज्याचं उत्पन्न त्याने वापरावं. दुकानं आमच्या पायाखाली, टॉवर आमच्या डोक्यावर, मग भाडं मागे का जावं? शब्द थेट संध्याकाळच्या कॉफीतले होते, फक्त दिल्लीच्या जागी असोसिएशन आलं होतं आणि वरच्या राज्यांच्या जागी अक्का. माझा नवरा उठून म्हणाला, महाराष्ट्रात आम्ही हेच भोगत आलोय, शिस्त लागायची तर फुकटचं बंद झालं पाहिजे. लोकांनी माना डोलावल्या. त्यांना ढोंगी तरी कसं म्हणू? कोणी दुटप्पीपणा केला असता तर मला बोलायला सोपं गेलं असतं. ही माणसं मनापासून बोलत होती.

मी उठले. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये आणि उरलेलं इंग्रजीत म्हटलं, उन्हाळ्यात आपली बोअर आटते तेव्हा आपल्या नळाला पाणी कुठून येतं? मागच्या ब्लॉकच्या विहिरीतून. टँकरचा खर्च वाचतो तो कोणाच्या जोरावर? त्याचं बिल येत नाही म्हणून ते देणं नव्हे काय? आणि आपल्या सिमेंटवरून जे पाणी त्यांच्या दारात जातं ते तरी आपल्या नावावर लिहा. मागून कोणीतरी म्हणालं, विहिरीचं पाणी देवाचं, त्यात कोणाचा खर्च? मी म्हटलं, मग रस्त्यालगतची जागा कोणी दिली, तुम्ही की देवाने? त्यावर सभेत जरा चुळबुळ झाली, पण तेवढीच. लिफ्टने वर आणलेल्या अक्का पुढच्या रांगेत खुर्चीवर बसून होत्या. पदर नीट घेऊन, वर्गात बसल्यासारख्या.

मतदान एका फ्लॅटला एक. आमच्या असोसिएशनची पद्धत अशी की खरेदीखतात ज्याचं नाव पहिलं, मत त्याचं. बहुतेक घरांतून नवरे हात वर करत होते. आमच्या नवऱ्यानेही केला. तेव्हा मी सेक्रेटऱ्यांना म्हटलं, खत बघा, पहिलं नाव माझं आहे. बाईचं नाव पहिलं असलं की बँक व्याजात थोडी सूट देते, म्हणून यानेच हौसेने घातलं होतं. सवलत घेताना त्याला काही टोचलं नव्हतं. त्याने हात खाली घेतला आणि मी ठरावाविरुद्ध वर केला.

ठराव दणक्यात मंजूर झाला. मागच्या ब्लॉकची मतं मूठभर, त्यात माझ्या एका हाताने काय होणार होतं?

घरी आल्यावर नवऱ्याने दार लावलं आणि शांतपणे विचारलं, "कोणाच्या पैशावर मत दिलंस?"

त्याची चेन्नईला बदली झाली तेव्हा मी पुण्यातली प्रयोगशाळेतली नोकरी सोडली होती. त्यानंतर या घरात माझ्या नावाने एक रुपयाही आलेला नाही. दोन मुलं वाढवली, सासूबाईंचं शेवटचं दुखणं काढलं, त्याच्या कारखान्याच्या पाळ्या सांभाळल्या. त्याचं बिल मी कधी दिलं नाही. तेव्हा त्याच्या हिशेबात मीसुद्धा वरच्या राज्यांत होते, इतकी वर्षं, आणि मला पत्ता नव्हता. मी त्याला म्हटलं, खाती वेगळी करायची तर इथूनच सुरू कर. आम्ही कित्येक दिवस कामापुरतंच बोललो. राग आला होता म्हणणं कमीच पडेल. मला त्याची किळस आली होती, आणि तसं वाटल्याचं आजही वाईट वाटत नाही.

नोव्हेंबरात वादळ आलं. वीज गेली, लिफ्ट बंद. मागच्या ब्लॉकवाल्यांनी आपापसांत पैसे जमवून जुन्याच पंपाची डागडुजी केली होती, तो पहिल्याच दुपारी बसला. अक्कांच्या घरात पाणी खाटेच्या फळीला लागलं. मी आरडाओरडा केला तसे माझा नवरा आणि सेक्रेटरी दोघेही धावले. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते खरं आहे. कमरेएवढ्या पाण्यातून गेले, अक्कांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, आणि खुर्ची खांद्याला लावून त्यांना आमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत आणलं. दोघांची साठी उलटलेली. सेक्रेटऱ्यांच्या पायाला काच लागून रक्त येत होतं. नवरा धापा टाकत होता, पण चेहरा फुललेला. लग्नानंतर इतका खूश मी त्याला क्वचितच पाहिला असेल.

अक्का आठवडाभर आमच्या हॉलमध्ये राहिल्या. नवऱ्याने त्यांना हातात कॉफी नेऊन दिली. पाणी ओसरल्यावर सेक्रेटऱ्यांनी पुढच्या ब्लॉकमध्ये अक्कांसाठी देणगी गोळा केली. कोणी नाही म्हटलं नाही. असोसिएशनच्या ग्रुपवर मेसेज फिरले, हात जोडल्याची चित्रं आली. जमलेल्या पैशात दोन पंप आले असते. पाकीट घेऊन सेक्रेटरी आमच्याकडे आले, ते अक्कांच्या हातात देताना फोटो काढायला एकजण बरोबर होता. फोनचा कॅमेरा वर झालेला पाहून अक्कांनी हात मांडीवरून उचललेच नाहीत.

"सरी," म्हणजे बरं, असं तमिळमध्ये म्हणून त्या आपल्या त्या जुन्या मराठीत नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हीं मज खांद्यावर घेतलें, तें मी विसरणार नाहीं. पण पंप असता, तर मी माझ्या पायांनीं माझ्या घरांत असतें. हें पाकीट नको." आणि सेक्रेटऱ्यांना तेच तमिळमध्ये सांगितलं, बहुधा अधिक थोडक्यात.

सेक्रेटरी दुखावले. पाकीट पुन्हा खिशात घालून निघून गेले. दोन दिवसांनी मुलगा गाडी घेऊन आला आणि अक्कांना घेऊन गेला. फ्लॅट विकायला काढला आहे. खोलगट जागेचा म्हणून भाव येत नाही.

त्या गेल्या त्या संध्याकाळी नवरा खिडकीशी उभा होता. खाली रिकाम्या आवारात चिखल वाळत होता. तो म्हणाला, "पण आपण देतच होतो ना? खाती वेगळी केली, तरी वेळ आल्यावर दिलंच ना आपण?" त्याला खरंच कळलं नव्हतं. दिलं तर होतं, कोणीच हात आखडता घेतला नव्हता. फक्त देणारे आपण आणि घेणाऱ्या त्या, हे ठरवायचा अधिकार सोडायला कोणी तयार नव्हतं. मी त्याला एवढंच म्हटलं की उद्यापासून कॉफी तू कर, आणि हवी की नको, ते मला विचारून दे.