भेंडीचं टोक

दुपारी अडीचला बारामतीच्या मंडईतली गर्दी ओसरते. काटेवाडीहून आणलेली भाजी निम्मी सरलेली असते, ओल्या गोणपाटाचा वास सुटलेला असतो. त्या सुमारास, दर शनिवारी, भाजीच्या टोपलीमागं बसलेली अक्काबाई फोन समोर धरून जर्मनीच्या बाजारात जायची.

तिची लेक साक्षी तिकडं शिकायला जाऊन चार महिने झाले होते. फोनवर तिचे गाल दर आठवड्याला थोडे आत गेलेले दिसत. "जेवती का?" म्हटलं की "व्हय" म्हणून विषय बदलायची. तेव्हा अक्काबाईनंच ठरवलं, आता हिच्यासंगं बाजार करायचा.

आज फोनमध्ये तिकडचं मोठं दुकान होतं. पांढऱ्या उजेडात टोमॅटो मांडलेले, सगळे एका मापाचे, एकाच आईच्या पोटचे असावेत तसे. काकड्यांना प्लास्टिक चिकटलेलं. दुधाच्या खोक्यावर तारीख.

"हे बेस हाय," अक्काबाई म्हणाली. "आपल्याकडं गवारीवर औषध कवा मारलं, कोण सांगतंय? दूध घेत जा. आन् भाजी?"

"वासच न्हाय, आई. पाणी चावल्यागत लागतंय."

"भेंडी मोडून बघ की."

"मागं मोडली, तर दुकानातली बाई धावत आली. अख्खं पाकीट घ्यायला लावलं."

"कोवळी निघाली का?"

"जून."

अक्काबाईनं समोरच्या भाजीवर पाणी शिंपडलं. तिच्या टोपलीतल्या भेंडीचं टोक कुणीही मोडून बघावं, तिनं कधी हटकलं नव्हतं.

शेजारचा कांदेवाला गोकुळ हसला. "आक्का, तितंच गाळा घ्या आता."

"घीन. तुझं कांदं मातर न्हाय न्यायची."

साक्षी रिकाम्या पिशवीनं बाहेर पडली. फोनच्या चौकटीतून ओली झाडं, दगडी रस्ता, सायकली तरंगत गेल्या. कोपऱ्यावर एका तुर्की कुटुंबाचं दुकान होतं. दाराशी लाकडी खोक्यात करंगळीएवढ्या भेंड्या, उघड्याच. मागं डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी बसली होती.

"इचार तिला, मोडू का."

साक्षीनं विचारलं. म्हातारीनं स्वतःच एक भेंडी उचलून टोक चिमटीत धरलं. अक्काबाईनं चित्र बघायचं सोडून फोन कानाला लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं. मंडई दूर गेली.

कट्.

"कोवळी हाय," अक्काबाई हळूच म्हणाली. "अर्धा किलो घे."

तिनं फोन पुन्हा समोर धरला. लहानपणी वाफ्यात उभी राहून खायची तशी साक्षी ती मोडलेली भेंडी कच्चीच चावत होती, आणि तिचा एक गाल फुगला होता.