साडभाऊच्या डोक्यावरची रोवणी

डोक्यावर पुटकुळ्या उठल्या तरी ज्याचा हेवा वाटावा असा माणूस चंद्रपूर-गडचिरोलीच्या सगळ्या जंगलपट्टीत एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा साडभाऊ आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. थोरला जावई म्हणून मी सासरी चांगला मिरवत होतो. मागाहून हा आला आणि येताक्षणी त्याने माझं सगळं संस्थान खालसा केलं. मी गेलो की सासूबाई वरणभात लावायच्या. तो येणार म्हटलं की आदल्या दिवसापासून कोंबड्या घाबरायच्या. मी चंद्रपूरला शाळेत गणित शिकवतो, चार माणसांत जपून बोलतो. तो मूल या तालुक्याच्या गावी बी-बियाणं आणि फवारणीची औषधं विकतो, आणि दुकानात हसला तर बसस्टँडवर ऐकू जातं. लोकांना तोच आवडतो. मलाही आवडतो, ही त्यातली खरी अडचण.

एका बाबतीत मात्र आम्ही बरोबरीचे होतो. दोघांनाही वेळेआधीच टक्कल पडलं. लग्नकार्यात आम्ही शेजारी बसलो की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि त्या हसण्यात मला मोठं सुख होतं, कारण निदान तिथे तरी अर्धा वाटा त्याच्याकडे जायचा. तर हा पठ्ठ्या एक दिवस कोणाला न सांगता नागपूरला गेला आणि केस लावून आला.

‘हेअर ट्रान्सप्लांट’ हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही. आमच्याकडे धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, शेताच्या एका बांधीत वाढवतात आणि उपटून दुसऱ्या बांधीत रोवतात. हा त्याच हिशोबाने चाललेला. “भाऊ, रोवणी केली,” त्याने मला फोनवर सांगितलं. “मांगचे पऱ्हे उपटले, समोरच्या बांधीत लावले. डॉक्टरचा हात असा सफाईचा का आपल्या गावच्या बाया लाजतीन!” महिन्याभरात लावलेले केस गळून गेले. त्या दिवशी शाळेतून येताना मी घरी जिलेबी आणली. कशाबद्दल, ते बायकोला सांगितलं नाही. त्याचं सांत्वन करायला म्हणून मुद्दाम फोन केला, तर हाच मला धीर देऊ लागला. “पऱ्हे पयले पिवळे पडते भाऊ, मंग जीव धरते. तुमी टेन्शन नका घेऊ.” माझी जिलेबी फुकट गेली.

मग पुटकुळ्या आल्या. पुढच्या भागात, आणि मागे जिथून केस उपटले तिथेही, लाल लाल, काहींची तोंडं पांढरी, हात लावला की ठणकणाऱ्या. दुसरा कोणी आरशासमोर बसून रडला असता. याने दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांपुढे डोकं वाकवायला सुरुवात केली. “पाहा, अंकुर फुटून राह्यले!” लोकही बियाण्याची पिशवी बाजूला ठेवून मनापासून पाहायचे, कोणी बोट लावायचं, कोणी कुठली जागा विरळ आहे ते सांगायचं. एवढ्या कौतुकाने माझ्या डोक्याकडे माझ्या आईनेही कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

पुटकुळ्या दुखायला लागल्या तेव्हा मात्र त्याने ही कीड आहे असं निदान केलं. आणि किडीवरचा इलाज तर रोज त्याच्या काउंटरवरून विकला जात होता. त्याने निंबोळी अर्क घेतला, पाण्यात मिसळला, गुलाबाच्या कुंड्यांवर मारायच्या लहान पंपात भरला, अंगणात स्टुलावर बसला आणि माझ्या मेहुणीला फवारायला लावलं. वारा कोणत्या बाजूचा आहे तेही आधी पाहून घेतलं म्हणे. दुसऱ्या दिवशी डोक्याचं कारलं झालं. डॉक्टर फोनवर इतके ओरडले की बाजूच्या सायकल दुकानदाराला सगळा उपचार पाठ झाला: फोडू नका, खाजवू नका, साध्या शाम्पूने हलक्या हाताने धुवा, कोमट पाण्याच्या स्वच्छ फडक्याने शेका, पू वाढला किंवा ताप आला तर लगेच दाखवायला या, आणि मी सांगेपर्यंत त्या डोक्याला वस्तरा लावू नका. सगळं ऐकून घेऊन याने अदबीने विचारलं, “म्हणजे साहेब, डोज जास्त झाला का?”

दुकानात खताची धूळ उडते म्हणून तो काही दिवस सासरी जाऊन राहिला. वैनगंगेच्या काठी, आरमोरीच्या बाजूला आमची सासुरवाडी. एका रविवारी मीही गेलो, आणि ओसरीवर जे पाहिलं त्याने जीव जळला. मामाजी, म्हणजे आमचे सासरे, मितभाषी माणूस. इतक्या वर्षांत माझ्याशी त्यांचं बोलणं ‘या मास्तर’ आणि ‘बसा मास्तर’ याच्या पलीकडे गेलं नव्हतं. ते याच्या मागे पाट घेऊन बसले होते. कोमट पाण्यात फडकं बुडवायचं, पिळायचं, एकेका पुटकुळीवर अलगद टेकवायचं.

“दुखते का, बापू?”

“नाई मामाजी. जरा डावीकडं.”

मी चपला काढत तिथेच उभा राहिलो. मामाजींनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुमचं बरं आहे मास्तर. काईच तरास नाई.” परतताना बसमध्ये मी डोक्यावरून हात फिरवून पाहिला. गुळगुळीत. एखादी तरी पुटकुळी असायला हवी होती.

केस आले. हळूहळू, मग भराभर. मागच्या बाजूला पाच-सहा पुटकुळ्या तेवढ्या हट्टाने राहिल्या. याने कंगवा घेतला, तो शर्टाच्या खिशात पेनासारखा लावला, आणि मी बोलत असलो की नेमका तेव्हाच काढून फिरवू लागला.

त्याच हंगामात, धान कापणीला आलेलं असताना, मामाजी गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मुलगा नव्हता, पुतण्याने अग्नी दिला. दहाव्या दिवशी, दसव्याला, नदीवर भाऊबंदांनी मुंडण केलं. जावयांना ते लागत नाही. आम्ही दोघं कडेला दगडावर बसलो होतो. न्हावी वस्तरा पुसायला लागला तेव्हा हा उठला आणि त्याच्यापुढे जाऊन बसला.

“तुमी काऊन बसून राह्यले?” पुतण्या म्हणाला. “जावयाले नाई लागत.”

मीही धावत गेलो. “अरे, डॉक्टरनं वस्तऱ्याले नाई म्हटलं ना!”

त्याने मान वर केली नाही. “भाऊ, हे पीक मामाजीनं शेकून शेकून उगवलं. त्यायच्याच नावानं जाऊ द्या.”

न्हाव्याने जपून हात चालवला, तरी मागच्या पुटकुळ्या दोन ठिकाणी कापल्या गेल्या. हा मोठमोठ्याने रडत होता. वस्तऱ्यामुळे रडतो आहे असं तिथे कोणालाही वाटलं नाही. तो उठल्यावर मी बसलो. न्हावी माझ्याकडे पाहत राहिला. “मास्तर, इथी काय काढू?” मग कानाच्या वर जी झालर उरली होती तिच्यावरून त्याने वस्तरा फिरवला आणि मला मोकळं केलं. मामाजींना द्यायला माझ्याकडे तेवढंच होतं, आणि ते मनाला फार लागलं.

आता त्याचे केस पुन्हा आलेत, पहिल्यापेक्षा दाट. माझा जीव अजून जळतो. पण मला तो दिवस आठवतो. नदीवरून आम्ही घरी आलो तेव्हा दुपारचं ऊन होतं. सासूबाई अंगणात बसल्या होत्या. त्यांनी त्याच्या डोक्यावरचं रक्त पाहिलं, त्याला जवळ ओढून घेतलं आणि त्या डोक्यावर आपला पदर धरला. मी फाटकापाशी उन्हात उभा होतो. हेवा वाटला नाही असं म्हणणार नाही. पण तो पदर जिथे असायला हवा तिथेच होता, हे मला तिथून दिसत होतं.