क्रूर या शब्दाच्या मुळाशी

चैत्रातल्या दुपारी विट्यातल्या आमच्या खोलीत दोन वास एकमेकांत मिसळून जातात. खिडकीबाहेरच्या कडुनिंबाच्या मोहोराचा आणि आप्पांच्या पायाला लावायच्या तपकिरी औषधाचा. त्या कडवट गोडव्यात बसून मी वडिलांची जखम साफ करते.

आप्पांनी उभे आयुष्य दक्षिणेतल्या एका शहरात, सोने गाळण्याच्या दुकानात काढले. तेजाबाचा पिवळट धूर त्यांनी छातीत घेतला, म्हणून मी घरातली पहिली पदवीधर झाले, तीही संस्कृतची. कॉलेजात एका तासाला सरांनी सांगितले होते, की ‘क्रूर’ या शब्दाच्या मुळाशी दुष्टपणा नाही. उघडे, कच्चे, रक्ताळलेले मांस आहे. फार पूर्वी यज्ञासाठी जमीन खणली, तरी तिला जखम झाली असे मानत आणि पाणी शिंपडून तिला शांत करीत. तेव्हा तो अर्थ मला नुसता सुंदर वाटला होता.

आता साखरेच्या आजाराने आप्पांच्या तळपायाची जाणीव गेली आहे. “मेलेला थर रोज ओल्या गॉझच्या पट्टीने घासून काढा,” सांगलीच्या डॉक्टरांनी आई, आप्पा आणि मी, तिघांनाही समोर बसवून सांगितले. “खाली लाल मांस दिसलं, यांना दुखायला लागलं, तर पाय वाचेल. नाहीतर कापावा लागेल.”

ज्या पायांवर डोके टेकवून मी परीक्षेला जात असे, त्याच पायाला वेदना व्हावी म्हणून मी देवाला विनवते आणि घासत राहते. पांढरट, निर्जीव थराखाली पुन्हा तसाच थर दिसतो. आप्पा शांतपणे मोहोर बघत असतात.

“आवं, वरडा की जरा!” आई रडकुंडीला येते. “एरवी आमटीत मीठ कमी पडलं तर गल्ली गोळा करताय.”

“सोन्याच्या तापल्या मुशीनं हात पोळला तवा वरडलो न्हाई,” आप्पा हसतात. “लेकीच्या हातानं काय वरडू?”

उद्या सांगलीला दाखवायला जायचे आहे. आज दोन गॉझ घासून झाले, तरी खाली लाल काही दिसले नव्हते. खाली मान घालून मी नवा गॉझ भिजवत होते, तोच आप्पा कळवळले, “आई गं! लय दुखतंय, पोरी! हळू की!”

आई हात जोडत देवापुढे धावली. मी मान वर केली. आप्पा माझा चेहरा निरखत होते, उत्तरपत्रिका तपासायला दिलेल्या मुलासारखे. गॉझ अजून माझ्या हातातच होता. पायाला मी शिवलेही नव्हते.

“हळू करते, आप्पा,” मी म्हणाले, आणि आधीपेक्षा जोर लावून घासू लागले.