दादा, फोन

"बोल दादा," एवढं म्हणून त्या फोन उचलत. स्क्रीनवर नाव बघत नसत. सिंधुदुर्गातल्या घरून फोन करणारा एकच माणूस होता, त्यांचा भाऊ. वयाने धाकटा, पण घरात सगळे त्याला दादा म्हणत, म्हणून त्याही म्हणत.

कुवेतच्या बनेद अल-गार भागातल्या आमच्या इमारतीत त्या सगळ्यांच्या सिस्टर होत्या. एका इस्पितळात नर्स. ड्यूटीवरून आल्या की तळमजल्यावरच्या सोफ्यावर बसत आणि लिफ्ट दोनदा येऊन गेली तरी उठत नसत. "पाय वर यायला तयार नाहीत," म्हणत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दमणं हा त्यांचा स्वभावच आहे असं आपण धरून चालतो.

त्यांच्या सुट्ट्या दादा ठरवी. वहिनीचं बाळंतपण, काकांचा मोडलेला पाय, कुणाचं तरी पथ्य. "तू नर्स आहेस," हे त्याचं शेवटचं वाक्य असे. त्यामुळे ईदच्या सुट्टीत आम्ही तीन मराठी कुटुंबांनी केनियाची सहल ठरवली आणि सिस्टर "मीही येते" म्हणाल्या, तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही.

"सिंहाला इंजेक्शन देऊ नका म्हणजे झालं," शेजारचे बँकवाले म्हणाले.

"झोपला असेल तर उठवणार नाही. त्याचीही नाइट झाली असेल."

प्रत्यक्षात झोपल्या त्याच. अभयारण्यात पहिले दोन दिवस त्या जीपच्या मागच्या सीटवर मान टाकून होत्या. सिंह त्यांनी आमच्या मोबाइलमध्ये पाहिला. गाडी चालवणारा गाइडच हळू आवाजात सांगायचा, जरा थांबू, त्या दमल्या आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं, त्यासाठी सिस्टरांनी वेगळी रजाही टाकली होती. आता डॉक्टरांनी ते अलीकडे घेतलं होतं. नैरोबीहून थेट मुंबईला ये, असं दादाचं म्हणणं होतं. सिस्टर जीपमध्ये बसल्या त्याच तिकीट बदलण्याबद्दल विचारत. "जावं लागेल," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती.

तासाभराने समोर हत्तींचा कळप आला. पिल्लू बरोबर होतं. गाइडने इंजिन बंद केलं, ओठांवर बोट ठेवलं. एक हत्तीण आमच्याकडे वळून उभी राहिली आणि सिस्टरांचा फोन वाजला.

गाइड मागे वळला. "दादा, फोन."

सिस्टर दचकल्या. "याला कसं कळलं दादाचा फोन आहे ते?" त्या कुजबुजल्या. हत्तीण पुढ्यात असल्याने कुणी हसलं नाही. गाइडने त्यांच्याकडे बोट दाखवलं, पुन्हा "दादा" म्हणाला आणि मूठ मिटून बंद करण्याची खूण केली. त्यांनी फोन बंद केला.

कळप गेल्यावर खुलासा झाला. स्वाहिलीत बहिणीला दादा म्हणतात. आम्ही सिस्टर म्हणतो हे ऐकून त्याने आदराने आपल्या भाषेतला शब्द वापरला होता.

"म्हणजे दादा मी?" सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. मग बराच वेळ त्या बाहेर बघत राहिल्या.

रात्री जेवताना कुणीतरी तिकिटाचं विचारलं. "फोन बंद ठेवायला सांगितलंय," त्या म्हणाल्या. सांगितलं होतं ते हत्ती जाईपर्यंत. आम्ही कुणीच आठवण करून दिली नाही.

त्यांनी फोन सुरू केला तो कुवेतला परतल्यावर, इमारतीच्या दारात. दादाचा एकच निरोप होता. ऑपरेशन झालं, तुझी गरज पडली नाही. त्यानंतर त्याने फोन करणं सोडलं.

पुढे वर्षभरात सिस्टरांनी नोकरी सोडली. त्या कुठे गेल्या याबद्दल इमारतीत एकमत नाही. मला आठवतो तो मात्र सहलीहून परतलो त्या दिवशी, दादाचा निरोप वाचून होतो न होतो तोच आलेला फोन. अनोळखी नंबर होता. आईने शेजारणीकडून लावून घेतला होता. हातात सामान असल्याने सिस्टरांनी स्पीकर लावला. डोळा बरा आहे, आई म्हणाली. त्यांच्या गावात हत्ती रानातून उतरून बागायतीत शिरतात, नारळाची झाडं मोडतात, त्यामुळे तिला वेगळंच विचारायचं होतं.

"हत्ती बघलंस मां? थंयसर पण माड मोडतत काय गो?"

"थंय माडच नाय, आये."

"मगे बिचारे खातत तरी काय?"

सिस्टर बॅगेवरच बसल्या आणि सांगू लागल्या.