सांगलीच्या खोलीतला भोंगा

आमच्या गावात संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. तो वाजला की घरोघरी टीव्ही बंद, मोबाइल बंद, आणि पोरांनी पुस्तक घेऊन बसायचं. साडेआठला परत वाजला की सुटका. बाहेरगावची माणसं हे बघायला येतात, फोटो काढतात, वाहवा करतात. करू द्या. त्या भोंग्यानं माझं काय केलं ते विचारायला अजून कुणी आलेलं नाही.

माझा धाकटा भाऊ म्हणजे त्या भोंग्याचा लाडका. सात वाजले की न सांगता मोबाइल आईच्या हातात देणारा. आण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, त्याचं केवढं कौतुक! डेअरीत दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवायचे. साडेआठनंतर पोरगा काय करतो हे मात्र घरात कुणी बघितलं नाही. गोळीबाराचा तो मेला गेम, चौघांची टोळी करून खेळायचा, तो साडेआठनंतरच सुरू व्हायचा. दीड तास मोबाइल बंद ठेवला की पोरगं शहाणं, अशी आमची सगळ्यांची समजूत. दहावी त्यानं हुशारीवर निभावली. मग त्याला डॉक्टर करायचं ठरलं, सांगलीला क्लास लावला, हॉस्टेलवर ठेवला. तिथं कुठला भोंगा वाजायला? बारावी कशीबशी सुटली, आणि नीटमध्ये, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत, इतके कमी मार्क पडले की आण्णांनी ते आजतागायत कुणाला सांगितलेले नाहीत.

मी तेव्हा एसटीनं विट्याला जाऊन बीएस्सी करत होते. दुसरं वर्ष झालं होतं, एक राहिलं होतं. जेवताना आण्णा मला म्हणाले, "तू सांगलीला जा त्याच्यासंगं. आता तूच त्याचा भोंगा."

सगळे हसले. मीसुद्धा हसले, मूर्खासारखी. मग माझ्या कॉलेजचं विचारलं, तर म्हणाले, एका वर्षाचा तर प्रश्न आहे, कॉलेज काय पळून जातंय? आई ताटात बघत राहिली. पोरगी घरात रिकामी नव्हती, शिकत होती, पण आमच्याकडं पोरीचं शिक्षण कधीही बाजूला सरकवता येतं. स्टूल सरकवल्यासारखं.

सांगलीत विश्रामबाग भागात एक खोली घेतली. मी भाकऱ्या थापायच्या, त्याला क्लासला धाडायचं आणि मोबाइल सांभाळायचा. क्लासच्या सगळ्या टेस्ट मोबाइलवर यायच्या, त्यामुळं तो फोडून टाकायचीही सोय नव्हती. शेवटी सगळं माझ्या फोनवर घेतलं आणि त्याच्या हातात बटणांचा फोन दिला.

ते पहिले महिने आठवले की अजून डोकं फिरतं. भिंतीकडं तोंड करून बसायचा. जेवायचा नाही. बोटं नुसती चाळवत राहायची. एकदा मी आंघोळीला गेलेली बघून त्यानं उशीखालचा माझा फोन काढला आणि मी बाहेर आल्यावर बाथरूममध्ये कडी लावून बसला. मी दार बडवलं तेव्हा खालची घरमालकीण जिना चढून वर आली. तिच्यासमोर दार उघडून तो माझ्या अंगावर ओरडला, "तू घरी जा की! तुझं हितं काय काम हाय?"

"मला तरी कुठं कळतंय?" मी म्हणाले. एवढं बोलले आणि मलाच हुंदका आला.

त्याचं दुखणं खोटं नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. गेमच्या टोळीतली पोरं आपल्याला काढून टाकतील म्हणून तो ढसाढसा रडला होता. तिथं मला सगळे भारी म्हणतात, आक्का, हितं कोण म्हणतंय? असं विचारायचा. मला त्याची कीव यायची, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग यायचा.

उपदेश करून काही होईना. मग मी त्याच्या समोर बसायला लागले. क्लासची टेस्ट माझ्या फोनवर आली की दोघांनी कोऱ्या कागदावर सोडवायची. बारावीला जीवशास्त्र माझंही होतं. पहिल्यांदा मी त्याला हरवलं, तेव्हा तो तणतणला आणि दुसऱ्या दिवशी परत मांडी घालून बसला. हरवायची खोड त्याच्या हाडात भिनलेली. गेममध्ये कुणाला तरी मारायचं, तसं इथं मला मारायचं. तो जिंकायला लागायला बराच काळ गेला. तोवर एक परीक्षा थोडक्यात हुकली, आण्णा म्हणाले अजून एकदा बघू, आणि माझं दुसरंही वर्ष त्याच खोलीत गेलं. मधे एकदा क्लासवरून येऊन तो म्हणाला, मित्रानं खेळायला मोबाइल दिला होता, मी नको म्हणालो. मी गॅसकडं तोंड फिरवून डोळे पुसले. इतका आनंद मला झाला होता, काय सांगू!

शेवटी मेडिकलला त्याचा नंबर लागला. मी विट्याला जाऊन आले, तर अभ्यासक्रमच बदललेला. बाई, पहिल्या वर्षापासून करावं लागंल, असं क्लार्कनं सांगितलं. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, बघू.

देवळासमोर सत्कार झाला. फेटा, शाल, नारळ, रस्त्यावर हा एवढा फ्लेक्स. भाऊ माइकवर म्हणाला, मनात आणलं तर कुठलंही व्यसन सुटतं, मी मनात आणलं. टाळ्या पडल्या. मी पेढे वाटत होते. पाहुण्यांपैकी कुणीतरी आण्णांना विचारलं, थोरली काय करते? आण्णा अगदी मायेनं म्हणाले, "तिला पहिल्यापास्नंच अभ्यासाची आवड न्हवती."

ताट माझ्या हातात होतं म्हणून, नाहीतर काय केलं असतं कोण जाणे.

घरी आल्यावर भाऊ फेटा काढून स्वयंपाकघरात आला. तेव्हा माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. आण्णा बोलले ते तू ऐकलंस ना, मग तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का, असं मी विचारलं. त्यानं फेटा ओट्यावर ठेवला. मग माझ्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं.

"आक्का," तो म्हणाला, "तू का न्हाई दिलीस गं नीट? समदे पेपर तर तू माझ्यासंगंच सोडवलेस."

 दोन्ही वर्षं एकाच खोलीत, एकाच चटईवर आम्ही दोघं तेच पेपर सोडवत होतो. आण्णा येऊन बघून जायचे, आई यायची, क्लासच्या सरांनाही माहीत होतं. आणि हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा.