येळवशीचं तूप

वीस वर्षं मी सेलूत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं, आणि रक्तवाहिनी म्हणजे नळ, एवढंच शिकवलं. खाल्लेली चरबी नळात जाते, नळ तुंबतो. फळ्यावर दोन रेघा मारायच्या, मधे खडूनं ठिपके भरायचे, की झालं!

हेच शास्त्र मी घरीही चालवलं. बायको अंगानं भरलेली, मी काडी. म्हणजे चरबी तिच्यातच, असा माझा सरळ निकाल. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवतं. मागच्या येळवशीला पालमजवळ आमच्या शेतात सगळी भावकी पंगतीला बसली होती. थोरल्या वहिनीनं बायकोच्या ताटातल्या बाजरीच्या वाफवलेल्या उंड्यावर तुपाची धार धरली, तसा मी ओरडलो, "बस करा वहिनी! नळ तुंबून मरायचंय का तिला?" पंगत खो खो हसली. बायकोनं ताटावर हात आडवा धरला, मान काही वर केली न्हाई. मी मात्र लय खूश. माझ्या स्वतःच्या भाजीवर बोटभर तेल तरंगत होतं.

उन्हाळ्यात परभणीला जाऊन दोघांनी उपाशीपोटी रक्त तपासलं. खरं तर मी तिला घाबरवायलाच नेलं होतं. तिचा रिपोर्ट साफ निघाला. माझ्या रक्ताचा लाल भाग बाटलीत खाली बसला होता आणि वरचं पाणी दुधासारखं पांढरं.

डॉक्टर म्हणाले, "सर, रक्तवाहिनीला आतून पेशींचा पातळ थर असतो. कोणत्या अवयवाकडं किती चरबी सोडायची, हे ठरवण्यात त्या पेशींचा मोठा हात असतो. तुमच्यात ते काम नीट होत नाही. चरबी रक्तातच फिरत राहते. अंगावर दिसत नाही, एवढंच."

आणि मी म्हणे जीवशास्त्राचा मास्तर! कान तापले माझे. बाहेर आल्यावर तिची माफी मागायची सोडून मी काय बोललो? "घरी कुणाला सांगू नको."

"बरं," ती म्हणाली.

यंदा पुन्हा तेच शेत, तीच पंगत. वहिनी तुपाचं भांडं घेऊन आधी माझ्यापाशी आली. "घ्या भाऊजी, लय वाळलात." मी नको नको म्हणायला लागलो. "का हो, आता तुमचाबी नळ तुंबला का?" सगळे माझ्याकडं बघायला लागले.

बायकोच पटकन म्हणाली, "जाऊबाई, सकाळपासून पोट बिघडलंय त्यांचं. राहू द्या."

कुणी हसलं न्हाई. वहिनी तिच्याकडं वळली, तसा तिनं ताटावर हात आडवा धरला. लाज वाटून मी हळूच म्हणालो, "घे की. तुला चालतं."

"नको," ती तितक्याच हळू म्हणाली. "सगळे बघायलेत."

तेव्हा तरी मी उठून सगळ्यांदेखत खरं सांगायला पाहिजे होतं. मी कोरडा उंडा गिळत बसलो.