पहिल्या नंबरावर सांगली

"लागंल का वो बाई पोरीचं?" हा प्रश्न त्या उन्हाळ्यात मला इतक्या जणांनी विचारला, की शेवटी शेवटी ओळखीचं माणूस समोरून येताना दिसलं तरी मी रस्ता ओलांडायचे. दूधवाले काका, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी, उंब्रजहून येणारे धाकटे दीर, सगळ्यांना माझ्या मुलीचं परसेंटाइल तोंडपाठ. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. लोकांना वाटतं, बाईंना सगळं कळतं. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

मुलीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत उत्तम गुण पडले होते. तिला पुण्याचं एक नावाजलेलं कॉलेज हवं होतं आणि तिथं कॉम्प्युटरच हवं होतं. दहावीपासून तोच धोशा. अडचण एवढीच, की त्या कॉलेजात आदल्या वर्षी सगळ्यात शेवटी ज्याचा नंबर लागला, त्याच्यापेक्षा ही काही दशांशांनी मागे होती. सांगलीच्या कॉलेजात मात्र हेच कॉम्प्युटर तिला डोळे झाकून मिळालं असतं. म्हणजे घोडं अडलं होतं ते त्या दशांशांत.

मी मागच्या तीन वर्षांच्या कटऑफच्या याद्या छापून आणल्या आणि ओट्यावर पसरल्या. एका वर्षी यादी चढलेली, दुसऱ्या वर्षी उतरलेली, तिसऱ्या वर्षी मधेच कुठंतरी. भाकरी तव्यावर टाकायची आणि यादीत बोट घालायचं, असं चाललेलं. भाकरी करपायची. चहा ठेवताना वाटायचं, लागेल. चहा उकळेपर्यंत वाटायचं, छे, कसलं लागतंय. मुलगी मात्र निवांत मोबाईल बघत बसलेली. तिच्या त्या निवांतपणाचाच मला राग यायचा.

"तुला काही काळजी आहे का गं?" मी विचारायचे.

"तू करतेयस ना दोघींच्या वाटची," ती म्हणायची.

तिचे वडील सैन्यात. तेव्हा आसामात होते. फोनवर त्यांचं एकच पालुपद. "आगं, आधी हाय ती पोस्ट पक्की करायची, मग फुडं सरकायचं. सांगली काय वाईट हाय व्हय? शनवारी पोरगी घरी."

"आवं, पण तिला पुणं पाहिजे."

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नगंस."

फॉर्ममध्ये कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमानं भरायची होती. मुलीनं वहीत लिहिलं होतं, एक नंबरला पुणं, दोन नंबरला सांगली. तिनं मला समजावलंही. "आई, आधी पुण्याचं बघतात. तिथं नाही बसलं तर आपोआप सांगली. दुसऱ्या नंबरावर टाकल्यानं सांगलीतला आपला हक्क जात नाही. उलट सांगली पहिली टाकली आणि मिळाली, की विषय संपला. मग पुढच्या फेऱ्यांना आपण नाहीच."

तिनं अगदी फळ्यावर शिकवावं तसं सांगितलं. मी ऐकलं आणि विश्वास ठेवला नाही. कारण दुसऱ्या नंबरावर ठेवल्यावर काय होतं, ते मी स्वतः पाहिलं होतं. माझ्यासाठी स्थळं बघत होते तेव्हा विट्याचं एक चांगलं घर होतं. मुलगा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, कोइमतूरला दुकान. आम्ही त्यांच्या बाहेरच्या सोप्यात बसलेलो, आणि मध्यस्थ बोलता बोलता सांगून गेला, की आधी कराडच्या स्थळाला विचारून झालंय, तिथून निरोप यायचाय. मुलाच्या आईनं चहाचा ट्रे तसाच आत नेला. "दुसऱ्या नंबराला आमचं घर व्हय?" एवढंच आतून ऐकू आलं. कराडचा निरोप नकाराचाच आला, आणि विट्याचं दार तर बंदच झालेलं. मग वर्षभर घरात कुणी माझ्याशी नीट बोललं नाही.

आता सांगलीला कळलं तर, की आपण त्यांना दुसरं ठेवलंय? पुणंही गेलं आणि सांगलीही गेली, तर? हे मी मुलीला बोलून दाखवलं. ती खदखदून हसली. "आई, कॉलेज आहे ते, सासर नाही."

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. साताऱ्यात स्टँडजवळ एक ताई नेट कॅफे चालवतात, तिथं आम्ही बसलो होतो, मागे रांग लागलेली. त्या ताईंसमोर, रांगेसमोर मी मुलीला म्हणाले, "नाही लागणार तुला पुण्याला. तीन वर्षांच्या याद्या बघितल्यात मी. आपली तेवढी उडी नाही. कधीतरी मान्य कर."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता भांडेल. ती ताईंकडं वळली आणि म्हणाली, "सांगली पहिलं टाका."

ओटीपी माझ्या मोबाईलवर आला. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. कितीतरी दिवसांनी त्या दिवशी मी पोटभर जेवले.

पहिल्या फेरीची यादी लागली. सांगली, कॉम्प्युटर. मी शाळेत पेढे वाटले. तिच्या वडिलांनी तिकडं त्यांच्या मेसमध्ये वाटले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर वर्गात बसल्या बसल्या सवयीनं मी पुण्याची यादी उघडली. यंदा ती उतरली होती. कॉम्प्युटरला शेवटी ज्याचा नंबर लागला, तो मुलगा गुणवत्ता यादीत माझ्या मुलीच्या चाळीस नंबर मागे होता. मी पुन्हा बघितलं. वर्गातली मुलं माझ्याकडं बघत होती. पाढे म्हणायला सांगून मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

शाळा सुटल्यावर तशीच नेट कॅफेत गेले. ताई म्हणाल्या, "पहिल्या पसंतीचं मिळालं की जागा पक्की होते बाई. आता पुढच्या फेरीत तिचं नाव येत नाही."

"आणि पुणं पहिलं टाकलं असतं तर?"

"मग काल पुणंच लागलं असतं की."

घरी आले तर ती सांगलीला न्यायच्या कागदांच्या झेरॉक्स लावत बसली होती. मी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "बघितलं मी कालच."

"मग भांडली का नाहीस त्या दिवशी? नियम तर तुला माहीत होता. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी भांडतेस!"

तिनं कागदांचा गठ्ठा सरळ केला. "तू इतकी वर्षं मुलांना शिकवतेस. मला वाटलं, कुणाची उडी किती ते तुला कळत असेल."

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

आता ती सांगलीत तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गात पहिल्या पाचांत असते. लोक म्हणतात, बाई, तुमचा निर्णय लय भारी. मी मान हलवते. दुसरं काय करणार?

गेल्या आठवड्यात तिच्या मैत्रिणीच्या आईचा फोन आला. बेंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीत दोन महिन्यांची इंटर्नशिप आहे, मोजक्याच मुलांना घेतात, वर्गातल्या बऱ्याच जणींनी फॉर्म भरलेत. मी लगेच मुलीला फोन लावला.

"तू भरलास का?"

"नाही."

"का गं?"

"नसतं लागलं."

"कुणी सांगितलं तुला? मागच्या वर्षी कुणाला घेतलं, ते तरी बघितलंस का?"

"नाही बघितलं."

मी म्हणाले, अजून तीन दिवस आहेत, भर. तुला लागेल, मला खात्री आहे. ती "बघू" म्हणाली आणि सबमिशन आहे म्हणून फोन ठेवला. ते तीन दिवस परवाच संपले. तिनं फॉर्म भरला की नाही, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.